श्रीलंका : आईंना अनुराधापूर, मुलाला पक्षी. कधी आणि कसं जावं?

आसनाकाठ (नांदेड)

नमस्कार. आम्ही चौघं श्रीलंकेला जायचं म्हणतोय. मी, हे, माझ्या सासूबाई (वय 68) आणि अकरावीतला मुलगा. आईंची अनुराधापूरचा बोधिवृक्ष बघायची इच्छा फार जुनी आहे. 1950 साली बाबासाहेब श्रीलंकेत बौद्ध परिषदेला गेले होते, हे त्यांनी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. तेव्हापासून ते गाव त्यांच्या मनात आहे. मुलाचं वेगळंच. तो सुट्टीच्या दिवशी पहाटे दुर्बीण घेऊन विष्णुपुरीच्या पाण्यावर जातो, पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो. त्याला रान बघायचंय.

टूरवाल्यांकडं चौकशी केली तर सगळ्यांचा कार्यक्रम एकच: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटाचा समुद्र. अनुराधापूर एक तर नाहीच, किंवा "वाटेत दोन तासांत दाखवू". ज्या जागेसाठी जायचं ती दोन तासांत कशी बघायची?

विचारायचं ते असं. मे, ऑगस्ट की दिवाळी? आईंचं तीर्थ आणि मुलाचं रान एका सहलीत बसेल का, की दोन टोकं गाठावी लागतील? तिथलं जगणं जवळून दिसेल असं कुठं राहावं? जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा.

---

परभणी_जंक्शन

ताई, आम्ही मित्र मित्र जाऊन आलो. तुम्ही कँडी एकदम वगळायलात असं वाटलं म्हणून लिहायलो. कँडीचं दंतमंदिर आईंना आवडेलच. बुद्धांचा दात तिथं ठेवलाय अशी श्रद्धा आहे, आणि पूजेच्या वेळी ढोल सुरू झाले की गर्दी आपोआप गप्प होते. जुलै-ऑगस्टमध्ये एसला पेराहेरा ही मिरवणूक असते. सजवलेले हत्ती, मशाली, कँडीचे नाचणारे. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत, फार आधी ठरवावं लागतं.

कँडी ते एला रेल्वे चहाच्या मळ्यांतून जाते. राखीव जागा सुटल्या सुटल्या संपतात. दरडी कोसळल्या की हा मार्ग अधूनमधून बंद पडतो, त्यामुळं निघायच्या आधी गाडी कुठून कुठपर्यंत चालू आहे ते बघून घ्या. एलाजवळ डेमोदराचा नऊ कमानींचा दगडी पूल आहे. मुलाला घेऊन खालच्या बाजूनं जा, वर रुळांवर फोटोसाठी लोक उभे राहतात ते धोक्याचं आहे.

अनुराधापूरला आम्ही गेलो नाही. तिथलं कुणी सांगितलं तर मलाबी वाचायचंय.

---

गाळपेर (माजलगाव)

ताई, आईंचं तीर्थ आणि तुमच्या मुलाचं रान एकाच पाण्यावर उभं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, कालवा निरीक्षक म्हणून. निवृत्त झाल्यावर श्रीलंकेला गेलो ते तलाव बघायला. समुद्र बघितला तो विमानातून.

श्रीलंका म्हटलं की नारळ, चहा आणि बारमाही पाऊस डोळ्यांपुढं येतो. तो नैर्ऋत्येचा कोपरा आणि मधला डोंगर झाला. उत्तर आणि पूर्वेचा मोठा भाग हा कोरडा पट्टा. पाऊस आपल्यापेक्षा जास्तच पडतो, पण बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारी. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत वारा सुटतो, जमिनीला भेगा पडतात, आणि पाणी साठवलं नसेल तर माणसानं गाव सोडावं अशी अवस्था. आपल्याला हे नवीन नाही. अशा जागी अनुराधापूर हजार वर्षांहून जास्त काळ राजधानी म्हणून टिकलं. का टिकलं ते शहराभोवती फिरलं की दिसतं: तिस्सा वेवा, अभय वेवा, नुवर वेवा. वेवा म्हणजे तलाव. सगळे आजही पाण्यात आहेत.

बोधिवृक्षाबद्दल आधी सांगतो, कारण आई त्यासाठीच येणार. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या वृक्षाची फांदी घेऊन आली आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात देवानांपिय तिस्स राजाच्या काळात ती इथं लावली. माणसानं लावलेल्या आणि लावल्याचा काळ माहीत असलेल्या झाडांत हे जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. झाड उंच ओट्यावर आहे, भोवती सोनेरी कठडा आहे, जवळ जाऊन हात लावता येत नाही. आईंना हे आधी सांगून ठेवा. पण खाली वाळूत बसता येतं, कितीही वेळ. कुणी उठवत नाही. पांढऱ्या कपड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं तिथं बसलेली असतात, कुणी सूत्र म्हणतंय, कुणाचं पोर मांडीवर झोपलंय. दोन तासांचा हा विषय नाही. अनुराधापुरात मुक्काम करा.

बाहेर फुलं विकणाऱ्या बायका असतात. एकीच्या शेजारी मी बराच वेळ उभा राहिलो. ती कमळाची कळी हातात घ्यायची, बाहेरची एकेक पाकळी अंगठ्यानं मागं दुमडायची, टोक देठाशी खोचायची. पाचसहा पाकळ्या झाल्या की मिटलेली कळी उमललेलं फूल होऊन जायची, आणि ती पाण्याचा एक शिपका मारून पुढची घ्यायची. ही फुलं तलावातली. ज्या पाण्यावर खालचं भात पिकतं त्याच पाण्यातलं फूल रुवनवेलिसायच्या स्तूपावर चढतं. हा स्तूप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, दुट्टगामणी राजाचा. त्याच्या भोवतीच्या भिंतीवर ओळीनं हत्ती कोरलेत. स्तूप, तलाव, भात आणि हत्ती ही तिथं एकच गोष्ट आहे, आणि माझ्या मते त्या देशात बघण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच.

आता काला वेवा. अनुराधापूरच्या आग्नेयेला. पाचव्या शतकात धातुसेन राजानं बांधला. तिथून निघणारा जुना कालवा, जय गंगा किंवा योद एल, सुमारे 87 किलोमीटर चालत अनुराधापूरच्या तिस्सा वेवात पाणी टाकतो. त्याच्या पहिल्या 17 मैलांत उतार मैलाला साधारण 6 इंच. सहा इंच! आमच्या पिढीनं लेव्हल मशीन लावून, आखणी करून जे कालवे काढले त्यांत टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचवताना आमचा जीव जायचा. त्यांनी हे पंधराशे वर्षांपूर्वी केलं. दुसरी गोष्ट, कालव्याला मातीचा भराव एकाच बाजूला आहे. वरच्या बाजूला मोकळी जमीन. त्यामुळं वाटेतले ओढे-नाले कालव्यालाच मिळतात, पाणी ठिकठिकाणी पसरतं, गावोगावची छोटी तळी भरून घेतं आणि पुढं जातं. आपण कालवा म्हणजे पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडं नेणारी नळी मानतो. जय गंगा वाटेतलं पाणीही गोळा करते.

तलावाच्या भरावातून पाणी सोडायची त्यांची जी रचना आहे, बिसोकोटुव, ती मुद्दाम बघा. भरावाच्या पाण्याकडच्या अंगाला चौकोनी दगडी विहीर. तलावातलं पाणी आधी तिच्यात येतं, तिथं त्याचा जोर मोडतो, मग भरावाखालच्या मोरीतून पलीकडं जातं. झडप याच विहिरीत. खोल पाण्याच्या दाबानं मोरी फुटू नये म्हणून ही युक्ती. एकोणिसाव्या शतकात तिथं काम करणारे इंग्रज अभियंते हेन्री पार्कर यांनी हे विहिरीसारखं बांधकाम म्हणजे आजच्या व्हॉल्व्ह-टॉवरचं जुनं रूप आहे हे दाखवून दिलं. मी गुडघे टेकून आतले दगड बघितले. घडीव, एकसारखे, मागं विटांचं बांधकाम. नोकरीत मी किती मोऱ्या गळताना बघितल्या आणि किती वेळा त्याच त्या गळतीचं अंदाजपत्रक वर गेलं हे आठवलं, आणि ज्यानं हे बांधलं त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले.

धातुसेनाची गोष्ट तिथल्या जुन्या इतिवृत्तात आहे. मुलानं, कश्यपानं, राज्य बळकावलं आणि बापाला विचारलं, खजिना कुठं आहे? म्हातारा त्याला काला वेवावर घेऊन गेला, पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि म्हणाला, माझी सगळी दौलत ती हीच. कश्यपानं त्याला मारून टाकलं. पुढं त्याच कश्यपानं सिगिरियाच्या खडकावर आपला राजवाडा बांधला. सगळे टूरवाले सिगिरिया दाखवतात. बापाचा तलाव मात्र जवळच असून दाखवत नाहीत. जवळच अवुकनला खडकात कोरलेली सुमारे 12 मीटर उंच उभी बुद्धमूर्ती आहे, तीही याच तलावाच्या परिसरात.

मोठ्या तलावांपेक्षा मला गावतळ्यांनी जास्त शिकवलं. ती सुटी नसतात, एकाखाली एक साखळीनं असतात. वरच्या तळ्याचं पाणी त्याच्या भातखाचरांतून पाझरून खालच्या तळ्यात येतं. एकच पाणी चारपाच गावं वापरतात. 2017 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं या साखळीला जागतिक महत्त्वाचा शेती वारसा म्हणून मान्यता दिली. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा ठेवतात, त्यानं वारा अडतो, बाष्पीभवन कमी होतं. त्या पुढं गवताचा पट्टा, गाळ अडवायला. वर छोटे खड्डे, त्यात गाळ बसतो आणि रानातली जनावरं तिथंच पाणी पितात, शेतात उतरत नाहीत. भरावाच्या खाली पुन्हा झाडोरा, तो पाझरातला खार धरून ठेवतो. काठावर अर्जुनसादडा आणि मोह. आपल्याच ओळखीची झाडं. आपले पाझर तलाव गाळानं भरून गेले, कारण आपण भराव बांधला आणि पाणलोट उघडा सोडला. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण तिथं उभं राहिलं की ते दिसतंच.

आणि आता संस्कृती. तळ्यात पाणी कमी असलं की तिथल्या गावांत बेथ्म नावाची रीत आहे. सगळं रान पेरायचं नाही. तळ्याजवळचा, हमखास भिजेल एवढाच तुकडा पेरायचा, आणि तो तुकडा कुणाचाही असो, त्या हंगामापुरता सगळ्या खातेदारांत वाटून घ्यायचा. ज्याची जमीन टेलला आहे त्यालाही वाटा मिळतो. हंगामाआधी शेतकऱ्यांची बैठक बसते, पाणी कधी सुटणार, पेरणी किती करायची ते तिथं ठरतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा मी बघितलाय. त्यामुळं बेथ्मबद्दल एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी खोदून खोदून विचारलं. भांडणं होत नाहीत का? तो म्हणाला, होतात. पण वाटणी होते. दंतमंदिर, नाच, मशाली हे सगळं बघावं, जरूर बघावं. पण दुष्काळात शेजाऱ्याला आपल्या जमिनीत पेरू देणारं गाव हीसुद्धा त्या देशाची संस्कृती आहे, आणि मराठवाड्यातल्या माणसानं ती बघितल्याशिवाय परत येऊ नये.

मुलासाठी मिन्नेरिया. तिसऱ्या शतकाच्या सुमारास महासेन राजानं बांधलेला तलाव. आजूबाजूचे लोक त्याला मिन्नेरीचा देव म्हणून पुजतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी उतरतं, बुडीत क्षेत्र उघडं पडतं आणि त्यावर कोवळं गवत येतं. पाणी उतरल्यावर आपण जिथं गाळपेर, म्हणजे गाळात पेरणी, करतो तशीच जमीन. त्या गवतावर चहूबाजूंच्या रानातून हत्ती येतात, चांगल्या वर्षी दोनशे-तीनशे. कळपांच्या कडेनं रंगीत करकोचे, बगळे, पाणकावळे. एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या. मोरगहकंद धरण झाल्यापासून मिन्नेरियात वरून पाणी येतं, काही वर्षी ऐन हंगामात पातळी चढलेली राहते आणि गवत बुडतं. मग हत्ती शेजारच्या कावडुल्लाकडं किंवा हुरुलूच्या रानात जातात. स्थानिक जीपवाल्यांना रोजच्या रोज माहीत असतं.

तेव्हा ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर. कोरड्या पट्ट्यासाठी हाच काळ.

---

लेणापूर (अजिंठा)

गाळपेर काकांनी सिगिरियाचा उल्लेख ओझरता केला, त्यात थोडी भर घालतो. मी अजिंठ्याला पर्यटकांना लेणी दाखवतो.

जायच्या आधी मुलाला आणि आईंना अजिंठ्याची 17 नंबरची लेणी पुन्हा एकदा नीट दाखवून आणा. उजव्या हाताच्या भिंतीवर सिंहल अवदानाची मोठी कथा रंगवली आहे: सिंहल नावाचा व्यापारी, फुटलेलं जहाज, बेटावरच्या राक्षसिणी आणि शेवटी हत्ती-घोड्यांचं सैन्य घेऊन बेटावर उतरणारा सिंहल. श्रीलंकेचं नाव आपल्या भिंतीवर पाचव्या शतकात रंगलंय. सिगिरियातली चित्रंही पाचव्याच शतकातली. इथं वाकाटकांचं राज्य होतं, तिथं कश्यपाचं.

दोन्ही बघितलेल्या माणसाला फरक लगेच जाणवतो. आपल्याकडं भिंतभर गोष्ट, गर्दी, महाल, बाजार. तिथं ढगातून वर आलेल्या, कमरेपासून वरच्या स्त्रिया, हातात फुलांची तबकं, एकेकटी किंवा दोघी दोघी. बोटं बघा. चित्रकारानं एका ठिकाणी हाताची रेघ बदललेली आहे, आधीची रेघ पुसट दिसते. फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळं डोळ्यांनी बघायला भरपूर वेळ मिळतो. खालच्या आरसाभिंतीवर शेकडो वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी त्या स्त्रियांना उद्देशून कोरलेल्या कविता आहेत.

वर चढायला हजारावर पायऱ्या आहेत. आईंनी वर नाही गेलं तरी खालची पाण्याची बाग बघावी. पावसाळ्यात तिथली जुनी कारंजी आजही उडतात.

---

नायगावचा_मोर (पाटोदा)

भाच्यासाठी लिहितो. एवढ्या लांब जाऊन फक्त पाणपक्षी बघितले तर ते विष्णुपुरीलाही दिसतातच. दक्षिणेला सिंहराज आहे, पावसाचं जंगल, 1988 पासून जागतिक वारसा. तिथं वेगवेगळ्या जातींचे पक्षी मिळून एक थवा करून फिरतात. आधी आवाज येतो, मग एकाएकी झाडात सगळीकडं हालचाल, आणि थोड्या वेळात रान रिकामं. श्रीलंकेचा निळा मॅगपाय, लाल तोंडाचा मालकोहा, रानकोंबडा (तो त्यांचा राष्ट्रीय पक्षी) हे सगळे फक्त त्याच बेटावरचे. जळवा भरपूर, लांब मोजे घाला. पण सिंहराज आणि अनुराधापूर दोन टोकांना आहेत. आई बरोबर असताना एका सहलीत दोन्ही बसवू नका. हबरण आणि सिगिरियाच्या आसपासच्या कोरड्या रानातसुद्धा रानकोंबडा दिसतो, मलबारी धनेश दिसतो. पहाटे निघायला लावा.

---

आसनाकाठ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. गाळपेर काका, तुमचं लिहिलेलं आईंना वाचून दाखवलं. ओंजळीची गोष्ट त्यांनी परत वाचायला लावली. मग म्हणाल्या, समुद्र नको, तळंच बघू.

आणखी तीन शंका. आईंचे गुडघे दुखतात, अनवाणी किती चालावं लागेल? विपश्यना सुरू केल्यापासून त्या मांसमच्छी खात नाहीत, तिथं निभेल का? आणि हत्तींच्या भागात राहणं धोक्याचं तर नाही ना? मुलगा फार पुढं पुढं करतो.

---

गाळपेर

गुडघ्यांचं आधी. अनुराधापूर सपाट आहे, पण पसरलेलं आहे. एका स्तूपापासून दुसऱ्यापर्यंत रिक्षा करा, दिवसभरासाठी ठरवता येते. चपला, टोपी बाहेर काढावी लागते आणि दुपारी फरशी अशी तापते की पाय टेकवत नाही. पहाटे सहाच्या आधी पोचा, दहाला खोलीवर या, पुन्हा चारनंतर निघा. जाड मोजे घातले तर चालतात. मिहिंतलेला 1840 पायऱ्या आहेत, पण गाडी बरीच वरपर्यंत जाते. तिथून जमेल तेवढंच चढा. अशोकाचा मुलगा महेंद्र आणि देवानांपिय तिस्स राजा यांची भेट तिथली, आईंना ती जागा बघायची असणारच. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, शक्यतो पांढरे. मूर्तीकडं पाठ करून फोटो काढायचा नाही, मुलाला हे बजावून सांगा.

पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सगळीकडं सुट्टी असते. वैशाख आणि ज्येष्ठातल्या पौर्णिमेला अनुराधापुरात पाय ठेवायला जागा नसते, रस्त्यारस्त्यावर फुकट जेवणाचे मांडव असतात. आईंना ती गर्दी भावेल, पण गुडघ्यांना झेपणार नाही. भाद्रपदातली साधी पौर्णिमा गाठलीत तर भक्तीही दिसेल आणि बसायला जागाही मिळेल.

जेवणाची काळजी नको. भात, मसूर डाळ, कोवळ्या फणसाची भाजी, कमळकाकडी, ब्राह्मीसारख्या पाल्याची खोबरं घालून केलेली कोशिंबीर. फक्त खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोल संबोलात, सुक्या माशाचा चुरा बरेचदा असतो, आणि तो दिसत नाही. दर वेळी विचारायचं, "उंबलकड" आहे का. सकाळी नारळाच्या दुधातला किरिबत मागा. म्हशीचं दही मातीच्या बोळक्यात मिळतं, वरून कितुल माडाचा काकवीसारखा रस. मी तेच खाऊन बरेच दिवस काढले असते.

हत्तींचं मात्र हलक्यात घेऊ नका. तिथं दर वर्षी माणसंही मरतात आणि हत्तीही. गावांनी शेताभोवती वीजतारांची कुंपणं केलीत, रात्री राखण असते. हबरणच्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर प्रवास करायचाच नाही, हे चालकाला पहिल्याच दिवशी सांगा. संध्याकाळी तळ्याच्या काठानं मुलगा एकटा जाणार नाही, घरमालक म्हणेल तिथंच थांबायचं. जीपमधून बघतानाही कळपाला घेरायचं नाही. पिल्लाजवळ गाडी घालणाऱ्या चालकाला थांबवा, पैसे तुम्ही देताय. हॉटेलपेक्षा तळ्याकाठच्या गावात एखाद्या घरी उतरा. काला वेवाच्या बाजूला अशी घरं आहेत, आणि तिथं सुळेवाले हत्तीही दिसतात. श्रीलंकेत सुळे असलेले नर फार थोडे, मुलाला त्याचं महत्त्व कळेल.

प्रवेशाची ऑनलाइन परवानगी निघायच्या आधी काढून ठेवा. पासपोर्ट रोज जवळ बाळगा, बऱ्याच ठिकाणी सार्क देशांच्या लोकांना तिकीट कमी असतं, पण पासपोर्ट दाखवला तरच. मुंबई किंवा चेन्नईहून विमान धरा, आणि कोलंबोत मुक्काम न करता सरळ अनुराधापूरकडं निघा.

तारखा ठरल्या की इथंच लिहा. त्या आठवड्यात मिन्नेरियाचं पाणी किती उतरलंय हे विचारायला माझ्या ओळखीचा एक जीपवाला आहे, त्यावरून आधी मिन्नेरिया की आधी काला वेवा ते सांगतो.